कृष्णाकाठची भाजी : पलूस परिसरातील ऋतुमान, पाणी आणि खत यांचा इतिहास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन महसूल, दुष्काळ, कर्जबाजारीपणा, ऊस आणि सहकार या विषयांभोवती झालेले आहे. भाजीपाला या पिकाला त्यात फारसे स्थान मिळालेले दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ज्या पिकावर स्वतंत्र सारा नाही, जे पीक कोठारात साठत नाही आणि ज्याची लागवड बहुतांशी स्त्रियांच्या हातून परड्यात होते, त्याची नोंद सरकारी दप्तरात होत नाही. परंतु शेतीच्या पद्धतीत झालेला बदल समजून घ्यावयाचा असेल तर भाजीइतके बोलके पीक दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. मेथी महिन्याभरात काढणीला येते. ऋतू बदलला, पाणी बदलले, खत बदलले की त्याचा पहिला परिणाम भाजीच्या वाफ्यावर दिसतो.

प्रस्तुत निबंधात सांगली जिल्ह्यातील पलूस परिसराचा या दृष्टीने विचार केला आहे. पलूस तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. तत्पूर्वी पलूस व त्याच्या शेजारची बरीचशी गावे तासगाव तालुक्यात होती, तर कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व २१ नोव्हेंबर १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. 'सेंद्रिय शेती म्हणजे आपल्या पूर्वजांचीच शेती' असे विधान आज व्याख्यानांतून व शासकीय पुस्तिकांतून सर्रास केले जाते. हे विधान या परिसरापुरते तपासून पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

मळी, मळा आणि परडे

पलूस परिसरात भाजीपाल्याच्या तीन जागा होत्या. पहिली नदीकाठची मळी. आमणापूर, अंकलखोप, औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ ही कृष्णाकाठची गावे. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर येई आणि ओसरताना काठच्या जमिनीवर गाळाचा थर ठेवून जाई. या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. तिला वेगळे खत घालण्याची गरज फारशी पडत नसे, कारण खत नदीच आणून टाकी. पाणी ओसरल्यावर जमिनीतील ओलीवर वांगी, मिरची, हरभरा घेतला जाई. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती वाईपासून सांगलीपर्यंत आजही टिकून आहे, तिचे मूळ या गाळात आहे.

दुसरी जागा म्हणजे विहिरीवरचा मळा. येथे पाणी मोटेचे. थारोळ्यात पडलेले पाणी पाटाने दंडात आणि दंडातून वाफ्यात जाई. बैल धावेवरून जितक्या फेऱ्या घालतील तितकेच पाणी मिळणार, त्यामुळे मळ्याचा आकार बैलांच्या दमावर ठरत असे. मोटेवर एक माणूस आणि दारे धरायला दुसरे, असे किमान दोघे लागत. दारे धरण्याचे काम बहुधा घरातील बाईकडे किंवा पोराकडे असे. चैत्र-वैशाखात विहीर आटू लागली की मळ्यातील भाजी आपोआप कमी होई. म्हणजे भाजीला ऋतू होता तो केवळ हवामानामुळे नव्हे. विहिरीची पातळी आणि बैलांची ताकद यांनीही तो ठरवलेला होता.

तिसरी जागा परड्याची. घरामागील या तुकड्यात न्हाणीचे पाणी जिरे, चुलीतील राख पडे, जनावरांचे शेणमूत जवळच असे. दोडका, कारली, घेवडा यांचे वेल कुडावर चढत. आळवाचे पान न्हाणीच्या पाण्यावर वाढे. या परड्याचा कागदोपत्री पुरावा जवळजवळ नाही. मात्र एक सांस्कृतिक पुरावा आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. त्या दिवशीची भाजी नांगर न लावता, केवळ माणसाच्या हाताने उकरलेल्या जमिनीतली असावी लागते. हा आचार ज्या समाजात रूढ झाला, त्या समाजात नांगराच्या शेतीखेरीज हातखुरप्याची एक स्वतंत्र शेती होती आणि ती स्त्रियांची होती, असा तर्क करण्यास जागा आहे. धर्मशास्त्रीय स्पष्टीकरणे काहीही असोत, कृषी इतिहासाच्या अभ्यासकाने या व्रताकडे पाहावयास हवे.

सणांच्या पंचांगातून भाजीचे ऋतुमान इतरत्रही दिसते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून कांदा व वांगे चातुर्मासापुरते बंद केले जाते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा पानात येते. मळीतील वांगी काढणीला येतात तीही साधारण याच सुमारास. येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. पीक नव्हते म्हणून निषेध आला, असे सिद्ध करता येत नाही. पण निषेधाचा काळ आणि मळी पाण्याखाली वा चिखलात असण्याचा काळ बऱ्याच अंशी एक आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. भोगीची मिश्र भाजी तर पौषातील शिवाराची यादीच आहे: वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, पावटा, तीळ. पावसाच्या प्रारंभी, मृग-आर्द्रा नक्षत्रांत मळ्यात काहीच नसे, तेव्हा तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू, टाकळा या न पेरलेल्या भाज्यांवर घर चाले. या रानभाज्या खुरपणी करणाऱ्या मजूर स्त्रियांच्या ओट्यातून घरी येत. तणनाशकाच्या फवाऱ्याने पुढे ही भाजी 'तण' ठरून संपली, याची नोंद उत्पादनाच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

पूर्वीचे सारे सेंद्रिय होते काय?

वरील वर्णनावरून एक रम्य चित्र मनात उभे राहण्याचा धोका आहे. ते तितकेसे खरे नाही. पहिली गोष्ट, या भाज्यांपैकी मिरची ही पोर्तुगिजांच्या आगमनानंतर अमेरिकेतून आलेली. टोमॅटो व फ्लॉवर तर त्याहूनही उशिरा रुळले. परंपरा म्हणून आपण जे दाखवतो त्यात बरेच काही पाहुणे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खत पुरेसे नव्हते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात हे स्पष्टपणे मांडले आहे. डोंगरावरील पालापाचोळा, गवत, जनावरांचे शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत असे. सरकारच्या जंगल खात्याने गायराने व राने बंद केल्याने जनावरे घटली आणि जमिनीचा कस गेला, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर त्यांनी ताली-बंधारे बांधून गाळ अडवण्याचा उपाय सुचविला. फुले स्वतः फुलमाळी घराण्यातील होते, बागाईत त्यांनी जवळून पाहिली होती, म्हणून या विवेचनाला वजन आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, डॉ. व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाचा भारतीय शेतीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. शेण गोवऱ्यांच्या रूपाने जळते आणि शेत उपाशी राहते, हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. म्हणजे जे शेतात जायला हवे होते ते चुलीत जात होते, कारण सरपण नव्हते.

या तुटवड्यात खताचे वाटपही समान नव्हते. ज्याच्या गोठ्यात चार बैल व दोन म्हशी त्याचाच उकिरडा मोठा, आणि बागाईतही त्याचीच. धनगरांची मेंढरे शेतात बसवण्याची पद्धत होती. रात्रभर कळप बसला की लेंडीखत व मूत्र थेट जमिनीत मुरते. मोबदला धान्याने वा पैशाने द्यावा लागे. ज्याच्याकडे देण्यास काही नव्हते त्याच्या रानात मेंढरे बसत नसत. सोनखताचा उपयोग मोठ्या शहरांजवळच्या बागाईतीत होई, परंतु ते वाहण्याचे काम ज्या जातींवर लादलेले होते त्यांच्या वाट्याला त्या बागाईतीतले काय येत होते, हा प्रश्न 'पूर्वजांची शेती' म्हणताना टाळला जातो. १८७६-७८ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत तर खताचा प्रश्नच गौण ठरला. जनावरेच उरली नाहीत.

कालवा, नांगर, पंप

पलूसच्या शेतीत पहिला मोठा हस्तक्षेप कृष्णा कालव्याचा. कऱ्हाडजवळ खोडशी येथे बंधारा घालून १८६० च्या दशकात काढलेला हा कालवा वाळवे तालुक्यातून तासगावच्या बाजूस येतो. दख्खनमधील ब्रिटिशकालीन पाटबंधाऱ्यांच्या पहिल्या काही कामांत त्याची गणना होते. नदी हंगामी, म्हणून कालव्याचे पाणीही बहुतांशी हंगामी. त्याने ऋतुचक्र मोडले नाही, फक्त रब्बीचा हात थोडा लांब केला.

दुसरा हस्तक्षेप याच तालुक्याच्या भूमीवर घडला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगाव सोडावे लागल्यानंतर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक ही येथील सुरुवातीची उत्पादने. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांमधील समजूत त्या काळी किर्लोस्करांना बरीच अडचणीची ठरली होती. आज ती हास्यास्पद वाटते. तथापि खोल नांगरटीमुळे जमिनीतील सेंद्रिय द्रव्याचे विघटन जलद होते, असे आता कृषिशास्त्रच सांगते. त्या जुन्या भीतीत कारण चुकीचे असले तरी निरीक्षण सर्वस्वी पोकळ नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो.

नांगरापेक्षा पंपाचे परिणाम दूरगामी झाले. किर्लोस्करवाडीत पंपांचे उत्पादन १९२० च्या दशकात सुरू झाले. तेलावरचे इंजिन आणि नंतर वीज यांच्या जोडीने पंपाने मोट हटवली. मोट गेली म्हणजे केवळ एक साधन गेले नाही. मोटेसाठी बैल पाळावे लागत, बैलांसाठी कडबा पिकवावा लागे, आणि बैलांचे शेण त्याच मळ्यात पडे. पाणी, चारा आणि खत ही एकाच दोरीत गुंफलेली तीन सूत्रे होती. पंपाने पाण्याचे सूत्र बाहेर काढले. उरलेली दोन सैल झाली. रासायनिक खत पुढे आले ते या पोकळीत. हा क्रम लक्षात घेतला नाही तर सगळा दोष युरियाच्या पोत्यावर टाकून आपण मोकळे होतो.

औंध संस्थानासंबंधी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. याच संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शेतीकामातून माणूस सुधारतो ही त्यामागील श्रद्धा. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला या प्रयोगातून प्रेरणा मिळाली आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. चित्रपटातील कैदी भाजी पिकवतात, ती बाजारात स्वस्तात विकतात आणि व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतात. भाजीचा भाव कोण ठरवतो, हा प्रश्न मराठी माणसाने इतक्या ठळकपणे बहुधा रुपेरी पडद्यावरच विचारला.

बारमाही पाणी

स्वातंत्र्योत्तर काळात कोयना धरण झाले. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाखाली कृष्णेचे रूप पालटले. पूर्वी उन्हाळ्यात क्षीण होणाऱ्या नदीत कोयनेचे सोडलेले पाणी खेळू लागले. त्या आधारावर नदीकाठी सहकारी उपसा सिंचन संस्था उभ्या राहिल्या, पुढे ताकारी योजनेचे पाणी कुंडलच्या पलीकडे उंचावरील रानात गेले. पलूस परिसराची समृद्धी या पाण्यावर उभी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. सहकारी साखर कारखाने, द्राक्षबागा, शाळा-महाविद्यालये, प्रस्तुत लेखकासारख्या प्राध्यापकांचे पगारदार जीवनसुद्धा, अप्रत्यक्षपणे त्याच पाण्याचे देणे आहे.

परंतु बारमाही पाण्याने मळीचा अर्थ बदलला. जेथे पूर ओसरल्यावर वांगी लागत तेथे ऊस बारा महिने उभा राहिला. पुराचा गाळ पूर्वी खत होता. उभ्या उसात आठवडाभर पाणी साचले की तोच पूर नुकसान ठरला. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत याचा अनुभव आला. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील नाव उलटून झालेली जीवितहानी तर पिकाच्या हिशेबापलीकडची.

दुसरा परिणाम जमिनीत झाला. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला सतत पाणी दिले की भूजल वर येते, बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागावर साचतात आणि जमीन क्षारपड होते. हे ज्ञान नवीन नाही. नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर हॅरोल्ड मॅन आणि तम्हाणे यांचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध झालेला होता. तरीही पन्नास-साठ वर्षांनी कृष्णाकाठी तीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील क्षारपड क्षेत्र हा आज सांगली जिल्ह्याचा गंभीर प्रश्न आहे. घेवडा, गाजर, कांदा यांसारख्या भाज्या क्षारांना लवकर बळी पडतात. ऊस बराच काळ तग धरतो. त्यामुळे जमीन बिघडत असताना भाजी आधी जाते आणि ऊस मागे राहतो. शेतकरी आळशी झाला म्हणून त्याने भाजी सोडली, असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रानातील पांढरी पडलेली माती पाहावी.

'सेंद्रिय' या विचाराची मराठी वाट

सेंद्रिय शेतीचा विचार पाश्चात्त्यांकडून आला की आपल्याकडून तिकडे गेला, हा वाद अनेकदा अभिनिवेशाने घातला जातो. वस्तुस्थिती दोन्हींच्या मधली आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत कंपोस्टची पद्धत सिद्ध केली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. पाश्चात्त्य सेंद्रिय चळवळीने हॉवर्ड यांना आद्यपुरुष मानले. वाड यांची आठवण मराठीतही फारशी कोणी काढत नाही. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिने शेणाच्या तुटवड्यावर उत्तर शोधले. काडीकचरा, तण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि थोडे शेण यांच्या थरांतून, वेळोवेळी पालटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पुढे पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धतीत हाच काटकसरीचा विचार विटांच्या टाक्यात आणला.

पलूस-तासगाव परिसराच्या दृष्टीने अधिक निकटचे नाव श्रीपाद दाभोलकर यांचे. गणिताचे अध्यापक असलेल्या दाभोलकरांनी १९६० च्या दशकात 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार या परिवारात मोठ्या संख्येने होते आणि पत्राने, भेटीने, एकमेकांच्या बागेत जाऊन नोंदींची देवाणघेवाण करीत. दाभोलकरांचा दहा गुंठ्यांचा विचार प्रसिद्ध आहे: पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि मोजके पाणी यांच्या हिशेबावर जगता यावे. त्यांनी शेतीत आणलेली शिस्त मोजण्याची होती. पान किती, सावली किती, पाणी किती. 'पूर्वजांकडे परत चला' असे त्यांचे म्हणणे नव्हते, आणि म्हणूनच सध्याच्या प्रचारकी साहित्यापेक्षा ते अधिक टिकाऊ आहे. एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे. ज्या द्राक्षपट्ट्यात प्रयोग परिवार रुजला, तोच पट्टा पुढे राज्यातील सर्वाधिक फवारणीच्या क्षेत्रांपैकी एक झाला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा अंशमुक्तीचा प्रश्न प्रथमच प्रत्येक बागायतदाराच्या दारात आला.

हिशेब आणि प्रमाणपत्र

सेंद्रिय भाजी शक्य आहे काय, याचे उत्तर भावनेपेक्षा हिशेबात शोधावे. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते. हेक्टरी २० टन शेणखत घातले तर १०० किलो नत्र जमिनीत जाते. वांग्याला लागणाऱ्या शिफारशीच्या जवळपास. मात्र त्यातील थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो, उरलेला पुढील हंगामांत. म्हणून पहिल्या वर्षी उत्पन्न घटते आणि शेतकरी खचतो. त्यावर उपाय म्हणजे वाफ्यांची पाळी बदलणे: घेवडा-गवारीसारख्या द्विदल भाजीनंतर वांगी-मिरची, त्यानंतर मेथी-शेपू-मुळा. जोडीला ताग गाडणे, करंज वा निंबोळीची पेंड. भिलवडीसारख्या दुग्धव्यवसायाच्या गावात, जेथे १९३९ पासून चितळे यांचा व्यवसाय वाढला व घरोघरी म्हशी आल्या, तेथे शेणाचा पुरवठा आजही आहे. पण ते ट्रॉलीने विकत घ्यावे लागते, आणि द्राक्षबागायतदार भाजीवाल्यापेक्षा अधिक दर देतो.

किडीचा प्रश्न खतापेक्षा अवघड. वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारी अळी फळाच्या आत असते, तेथे निंबोळी अर्क पोहोचत नाही. पोखरलेले शेंडे खुडून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे आणि एकाच रानात वांग्यामागून वांगी न घेणे एवढेच हाती राहते. या अळीवर उपाय म्हणून पुढे आलेल्या बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती दिली. त्या वेळच्या चर्चेत वांग्याचे वाण, आरोग्य, कंपन्या हे सारे आले; वांगे बारा महिने का लावावे लागते, हा प्रश्न मात्र जवळजवळ आलाच नाही. कीड वाढते ती पिकात खंड न पडल्याने. चातुर्मासात वांगे नव्हते तेव्हा अळीलाही घर नव्हते.

शासनाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि २०१५ पासून परंपरागत कृषी विकास योजनेतून गटशेतीला साहाय्य मिळू लागले. त्यातील नियम पाहिले तर हंगामी पिकांना दोन वर्षांचा व बहुवार्षिक पिकांना तीन वर्षांचा संक्रमण काळ, शेजारच्या रासायनिक शेतापासून सुरक्षित पट्टा, आणि वापरलेल्या निविष्ठांची नोंद, अशा अटी दिसतात. वीस गुंठ्यांच्या तुकड्याभोवती तीन बाजूंना द्राक्षबाग व ऊस असताना पट्टा सोडायचा तो किती आणि उरलेल्यात पिकवायचे काय, हे त्या नियमांत नाही. आणखी एक बाब. प्रमाणपत्र निविष्ठा तपासते, ऋतू तपासत नाही. वैशाखात कृष्णेचे पाणी उपसून, जाळीच्या छपराखाली वाढवलेला फ्लॉवर त्या कसोटीवर पूर्णपणे सेंद्रिय ठरू शकतो; मळीतल्या ओलीवर आलेले आणि एकदाच युरिया पडलेले वांगे ठरू शकत नाही.

पलूसच्या बाजारात आता आषाढातही वांगी असतात आणि श्रावणातही. कांदेनवमी अजून घरोघरी होते, पण ती झाल्यावर भाव उतरतो की नाही, एवढ्यापुरतीच तिच्याकडे पाहणारा शेतकरी अधिक. ज्या थोड्या कुटुंबांनी नदीकाठचा तुकडा उसातून मोकळा करून पुन्हा भाजीला दिला आहे, त्यांचे पहिले काम चर खणून निचरा करण्याचे असते. खताचा विचार त्यानंतरचा.